वजनात न भरलेला लॅपटॉप

शाळा मी चौथीत सोडली. पण जळालेली पाण्याची मोटार नवी तार गुंडाळून पुन्हा भरावी ती मीच, हे औशात कुणालाबी विचारा. आधीच सांगून ठेवतो, कारण माझा मुलगा ही हकीकत वेगळी सांगतो.

मागल्या वर्षी पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीला आमच्या तालुक्यात एजंट नेमायचा होता. अट अशी की एजंटाकडं धंद्याचा नवा लॅपटॉप पाहिजे आणि त्याच्या पावतीचा फोटो शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत कंपनीला पाठवायचा. मुलाला ही एजन्सी पाहिजेच होती. पस्तिशी उलटली तरी तो माझ्या दुकानात, माझ्या नावाच्या पाटीखाली तार गुंडाळत होता. त्याला स्वतःच्या नावाची पाटी लावायची होती.

मग माणसानं लॅपटॉप घ्यावा का न्हाई? ह्यानं तक्ता केला. रॅम, प्रोसेसर, बॅटरी, पडदा, असे रकाने आखून भिंतीला चिकटवला. त्याची सोयरीक करताना मी एवढी चौकशी केली नव्हती. आणि तक्त्यातले निम्मे लॅपटॉप अजून बाजारात यायचे होते.

"हा दिवाळीला येणाराय, आप्पा. बॅटरी बावीस तास चालती."

"मोजली कुणी?"

"कंपनीनं."

"म्हणजे नवरदेव कसाय ते त्याच्या मामालाच विचारलं."

"ह्याला सोळा कोर हायेत. कोर म्हणजे आत काम करणारे, समजा."

"आणि तू त्यावर करणार काय?"

"बिलं."

"दिवसाची चार बिलं फाडायला सोळा जण?"

तो माझ्याकडं न बघता नवा रकाना आखू लागला. असा महिना गेला.

शेवटी मुदतीच्याच शुक्रवारी दुपारी आम्ही लातूरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. मला त्यानं बोलावलं नव्हतं. पण लोक मोटार घ्यायला मला मुद्दाम सोबत नेतात, मग घरच्या खरेदीला मी मागं राहू?

दुकानातल्या बाईनं एक लॅपटॉप पुढं ठेवला. कंपनीच्या अटीत बसणारा, लगेच हातात मिळणारा तेवढा एकच नग होता. मुलगा म्हणाला, "हाच द्या." मी तो उचलला. पापडासारखा हलका. मोटार उचलली की माझं मनगट सांगतं आत तांबं हाय का ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची मोटार दोन उन्हाळे काढत न्हाई.

"बाई, ह्यात माल कमी हाय."

"काका, हलका हाय म्हणूनच तर महाग हाय."

"आत ॲल्युमिनियम असंल."

"आत न्हाई, बाहेरून. सगळी बॉडी ॲल्युमिनियमचीच हाय."

झालं. तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मी लॅपटॉप खाली ठेवला.

"आप्पा, साडेपाच झाले," मुलगा म्हणाला.

"जड दाखवा," मी बाईला म्हणालो. एक चांगला दणकट निघाला, पण तो खेळ खेळायचा, कंपनीच्या अटीत न बसणारा. मुलानं माझ्यापुढं हात जोडले. मी न्हाई म्हणालो. तेव्हा ह्या शहाण्यानं पैसे भरून मोकळं व्हावं की न्हाई? त्यानं मोबाइलात तक्ता उघडला. "तसं दिवाळीचं मॉडेल खरंच बरंय," असं पुटपुटू लागला.

आमच्या मागं आमच्याच गल्लीतला बियाण्यांचा दुकानदार उभा होता. त्यानं मी खाली ठेवलेला लॅपटॉप उचलला आणि बाईला एवढंच विचारलं, "पिशवी फुकट हाय का?" पावणेसहाला त्याच्या पावतीचा फोटो कंपनीला गेला.

परतीच्या एसटीत मुलगा माझ्या शेजारी बसला न्हाई.

एजन्सीची पाटी आता बियाण्यांच्या दुकानावर हाय. त्यानं विकलेल्या मोटारी जळाल्या की दुरुस्तीला आमच्याकडंच येतात. मुलगा त्या उतरवून घेतो, खोलतो, तार गुंडाळतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी बी जास्त विचारत न्हाई.