मामींनी अंगावर घेतलेलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. माझ्या सासूबाई, रोह्याच्या मामी, झोपलेल्या माणसाचा श्वास चालू आहे का ते बघायच्या. कुणी आडवं झालं की स्वयंपाकघरातून येऊन त्याच्या छातीकडे बघत उभ्या. दुपारी सासरे डोळे न उघडताच म्हणायचे, "जिवंत हाय गो. चहा टाक." आम्ही हसायचो. मामीही हसायच्या, पण बघून झाल्यावर.

आमची मुलगी रोह्यात झाली तेव्हा गणपती तोंडावर आलेले. पेणजवळ हमरापूरला आमचा मूर्तींचा कारखाना. जेमतेम एका दुपारपुरता मी तिला बघायला गेलो. बायको न्हाणीत होती. पाळण्याशी मामी आणि मी, दोघंच.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "पोरीचे ओठ निळे नाय वाटत? दूध ओढताना पण दमते ओ. डॉक्टरला दाखवूया का?"

आदल्या दिवशी मी मूर्तींचे मोर रंगवले होते. नखांत निळा रंग तसाच, आणि त्याच बोटाने मी नुकतेच तिचे ओठ चाचपले होते. "माझ्या हाताचा रंग आहे, मामी. तुमचं आपलं काहीतरीच." ओल्या फडक्याने पुसलंसुद्धा. गेला नाही. पक्का रंग आहे, म्हटलं, आणि गाडी पकडली.

दोन दिवसांत पोर दूध ओढेनाशी झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप जन्मतःच अरुंद आहे, फुप्फुसात रक्त नीट जात नाही. "निळी कधीपासून दिसते? थांबलात कशाला?"

मी तोंड उघडायच्या आत मामी बोलल्या, "मीच म्हटलं, पावसाच्या गारठ्यानं असेल."

बायकोने आईकडे कसं पाहिलं ते मी पाहिलं. तरी गप्प राहिलो.

आत नळीतून फुगा घालून झडप मोकळी करत होते. बाहेर बाकावर मामी माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुम्हाला तिच्यासोबत जन्म काढायचाय. माझ्यावर काय, चार दिवस रागवेल."

पोर वाचली. आता कॉलेजात जाते. दर वर्षी इको होतो, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत मला घास उतरत नाही. बायकोचा राग मात्र चार दिवसांत गेला नाही. नातीला तिने मामींपाशी एकटं कधी ठेवलं नाही. मामी एवढंच म्हणायच्या, "आई हाय ती."

गेल्या माघात मामी गेल्या. बायको खूप रडली. मग म्हणाली, "जगाची काळजी करणारी बाई, माझ्याच पोरीच्या वेळी कशी चुकली?"

त्या चुकल्या नव्हत्या. बायकोला एवढं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.