मशीन दमलंय

आमच्या आत्याने शाळेतलं व्याकरण शाळेतच सोडलं आणि घरात स्वतःचं काढलं. एकदा मला वाक्यातला कर्ता सापडेना, मी रडकुंडीला आले. तेव्हा शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकातले कर्ते आळशी आहेत. आपण आपले नियम करू."

तेव्हापासून आमच्याकडे कप फुटला की कर्ता कपच. माणसाने मध्ये पडायचं नाही. झोपलेल्या माणसाला कर्ता करायची बंदी होती, कारण तसं केलं की तो जागा होतो. बाबा पेंगायला लागले की मी मुद्दाम त्यांच्या कानाशी म्हणायचे, "बाबा घोरतायत," आणि ते दचकून उठायचे. तक्रारीच्या वाक्यात 'मी' चालणार नाही, हा नियम तिने स्वतःसाठी केला होता. तेवढा मात्र तिने कडक पाळला.

आईवडिलांच्या मागे बाबांना तिनेच वाढवलं, लोकांचे कपडे शिवून. बाबांसाठी तिचा शब्द म्हणजे शेवटचा.

गेल्या हिवाळ्यात ती म्हणायला लागली, "मशीन दमलंय." कधी म्हणायची, "जिना उंच झालाय हल्ली." आम्ही हसायचो. बाबांनी तर खरंच दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीन उघडलं, तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. "याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. आत्या बाजूला स्टुलावर बसून छाती चोळत होती. मग उठून तिने त्याच्यासाठी चहा टाकला.

मला तिचा राग येतो, अजून येतो. एकदा सरळ बोलली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"पलंग कडक आहे," आत्या म्हणाली.

बाबा तिच्या उशाशी वाकले. "ताई, आज नियम राहू दे. तुला काय होतंय ते सांग."

तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली. मग हळूच म्हणाली, "मी घाबरलेय रे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. नर्सने नळ्या काढल्या, चादर नीट केली. बाबा स्टूल ओढून बसले आणि तिच्या कानाशी बोलायला लागले.

"ताई उठतेय. ताई मशीनवर बसतेय. ताई मला ओरडतेय."

नर्स पुढे आली. मी तिला खुणेनेच थांबवलं.

"ताई उठतेय," बाबा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.