फाउंडेशनची रबरं

वडील गेले तेव्हा मला रडू आलं नाही. भेटायला येणाऱ्या बायकांना याची माझ्यापेक्षा जास्त काळजी लागली होती. "मोकळी हो गं, आत साठवून ठेवू नकोस," असं जी ती सांगून जायची. साठवायला आत काहीतरी असावं लागतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. कप विसळत होते, आल्यागेल्याला पाट देत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, आता उठा की.

आई पहिल्या दिवशी रडली आणि मग गप्प झाली. ती काही गप्प बसणारी बाई नाही. मी शाळेत जायच्या आधीच तापात तिचे दोन्ही कान गेले. समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजून घेते, पण स्वतःचा आवाज कळत नसल्यानं बोलते ती अख्ख्या वेल्ह्याला ऐकू जाईल अशी. तो आवाजच बंद झाला. मी एकुलती एक, राहायला उत्रोलीत, भोरजवळ. आई वेल्ह्याकडच्या गावात एकटी. एकदा शेजारणीचा फोन आला, "दूध जळून पातेलं लाल झालं, घरात धूर धूर, आन् तुजी आय पाठमोरी बसून तांदूळ निवडतीया. दार बडवून आमचं हात दुखलं." तिला उत्रोलीला आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, पण ती तयार होईना. दरवेळी मान हलवायची आणि भांडी घासायला बसायची. शेवटी कंटाळून म्हणाली, "यीन. पण आपल्या गाडीतनं. दुसऱ्या कशात बसायची न्हाई म्या."

आपली गाडी म्हणजे वडिलांची जुनी डिझेल. ती घरासमोर उतारावर उभी असायची. हँडब्रेकवर वडिलांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून पुढच्या चाकाखाली एक दगड. निघताना तो काढायचं काम आईचं. काढलेला दगड ती टाकून देत नसे, पायाशी ठेवून बरोबर न्यायची. जिथं जाऊ तिथं चांगला दगड मिळेलच असं कुणी सांगितलंय, असा तिचा हिशेब. मग ती डॅशबोर्डवर तळहात टेकायची आणि वडील गाडी सोडायचे. इंजिनाचा आवाज तिला येत नव्हता, पण गाडी एवढी थरथरायची की तिला तो तळहातातून कळायचा. वडिलांना गिअर बदलायचा भारी कंटाळा. चढ आला तरी तिसऱ्यातच रेटायचे. गाडी गचके खायला लागली की त्यांच्या आधी तिला समजायचं आणि ती डॅशबोर्डवर थाप मारून ओरडायची, "दुसरा टाका!" ते हसत हसत दुसरा टाकायचे. माझं सगळं लहानपण मागच्या सीटवर हे ऐकण्यात गेलं.

तिला न्यायच्या आदल्या दिवशी मी गाडी सुरू केली तर आरशात मागचा रस्ताच दिसेना, इतका तो हलत होता. क्लच सोडला की बॉनेटखाली धाडकन काहीतरी आदळायचं. तशीच, दात वाजवत, नसरापूरवरून हायवेला लागले आणि सारोळ्यातल्या एका गॅरेजला आणून उभी केली. मेकॅनिक फार बोलका होता. गाडीखाली जायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, "ताई, फाउंडेशन गेलंय."

इंजिन गाडीत रबरांवर बसवलेलं असतं, त्याचे हादरे बाकीच्या गाडीला लागू नयेत म्हणून. त्या रबरांना हे लोक फाउंडेशन म्हणतात. त्यानं गाडीतून बरोबर आणलेला आईचा दगड चाकाखाली सरकवला, इंजिनाखाली लाकडाची फळी आणि जॅक लावून ते जरासं उचललं, आणि गंजलेल्या बोल्टांशी झटापट सुरू केली. पान्याला पाइप जोडून लोंबकळला तेव्हा कुठे एकेक बोल्ट सुटला. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चहा प्यायले. बाहेर पडलेली रबरं त्यानं माझ्या हातात दिली. एक चेपून भाकरीसारखं झालं होतं, एक मधोमध फाटलेलं. "ह्यो तर कवाच मेलाय. लोखंडावर लोखंड बसलं व्हतं," तो म्हणाला. वडिलांच्या गाडीचं इतक्या वर्षांचं ओझं पेललेली वस्तू हातात होती. काहीतरी वाटायला हवं होतं. हात काळे झाले, एवढंच.

नवी रबरं बसली. त्यानं इंजिन चालू करून बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि जादूगारासारखं माझ्याकडे पाहिलं. पाणी हललं म्हणजे, जवळजवळ हललंच नाही. जुनी रबरं पिशवीत घालून त्यानं डिकीत टाकली, खरंच बदलली याचा पुरावा म्हणून. मी म्हटलं, छान झालं, आईला आता गचके बसणार नाहीत. आईला त्यांचाच आधार आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेसून-सावरून ओट्यावर बसली होती. घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली. शेजारपाजारच्या बायका निरोपाला जमल्या. आईनं चाकाखालचा दगड काढला, आत बसून पायाशी ठेवला आणि डॅशबोर्डवर तळहात टेकला. मी गाडी सुरू केली. ती तशीच समोर बघत राहिली.

"चालू कर की," ती म्हणाली.

मी तिच्याकडे तोंड करून म्हटलं, "चालू आहे."

मी थट्टा करतेय असं तिला वाटलं. मग तिचा हात डॅशबोर्डवरून दारावर गेला, तिथून सीटच्या कडेवर, गिअरच्या दांड्यावर. सगळीकडे तिनं चाचपून पाहिलं. खाली उतरली आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवून उभी राहिली. मी ब्रेकवर पाय दाबून बसले होते. आत येऊन तिनं विचारलं, "काय केलंस गाडीला?"

मी गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला आणि डिकीतली पिशवी आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं फाटलेलं रबर बाहेर काढलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं, परत पिशवीत ठेवलं. मग ती जे बोलली ते इतक्या हळू, की पहिल्यांदाच मला तिच्या ओठांकडे बघावं लागलं.

"मला वाटलं व्हतं, त्ये गाडीत तरी आस्तील."

ती उतरली आणि दगड पुन्हा चाकाखाली ठेवून आली. "ऱ्हाऊ दे. न्हाई यायची म्या."

मला राग आला. कुणाचा ते कळेना, पण इतक्या दिवसांत काहीतरी आलं. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, "फाट्यापर्यंत तरी चल. तिथं नको वाटलं तर परत आणून सोडते. तुझी शपथ." ती काही पटलं म्हणून बसली नाही. बायका बघत होत्या, चारचौघींत तमाशा नको म्हणून बसली. दगड मात्र तिनं बरोबर घेतला.

उतार संपला, ओढ्यावरचा पूल गेला आणि फाट्याचा चढ लागला. माझं लक्ष गाडीत नव्हतं. फाट्यावर गाडी कुठं वळवायची, घरात पुन्हा गॅस कोण बघणार, हेच डोक्यात. गाडी तिसऱ्यातच होती. अर्ध्या चढावर तिचा दम संपला. नवी रबरंही तिथं काय करणार? इंजिन गुदमरलं आणि सगळी गाडी थडाथडा गचके खाऊ लागली.

डॅशबोर्डवर थाप पडली. "दुसरा टाक! चढ दिसत न्हाई व्हय?"

तोच आवाज, अख्ख्या वेल्ह्याला जाणारा. आणि मला रडू फुटलं. मागच्या सीटवरच्या पोरीसारखी मी हमसून हमसून रडले, रस्ता दिसेनासा झाला तरी स्टिअरिंग घट्ट धरून. आईची नजर चढावर होती, तिला काही ऐकू आलं नाही. तिचा तळहात मात्र डॅशबोर्डवर पसरलेला होता आणि त्याच्याखाली गाडी थरथरत होती. मी गिअर तसाच राहू दिला.

"आगं दुसरा टाक म्हनते न्हवं! बंद पाडतीस का काय?"

मी दुसरा टाकला. गाडी शांत झाली आणि चढून वर आली.

फाट्यावर मी थांबले. डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं. आता वळ म्हणाली असती तर मी वळवली असती, शपथच घातली होती. तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, पदरानं माझी हनुवटी पुसली आणि हात पुन्हा डॅशबोर्डवर टेकला.

"चल," ती म्हणाली. "म्होरं लई चढ हायेत. मी सांगत जाईन."