भरल्या मोटारीनं चढ चढणारा

रत्नागिरी-पूर्णगड रस्त्यावर माझ्या उतारू मोटारीला एकच वैरी होता, दुसऱ्या मोटारीचा मालक. त्याची मोटार उतारूंनी भरलेली असूनही चढ अशी चढे, की बाजूच्या माडांना आपणच खाली घसरतोय असं वाटे. माझे उतारू मात्र चढ दिसला की न सांगता उतरून ढकलायला लागत.

ताकद वाढावी म्हणून त्यानं इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, घासून घेतलंय असं कळलं. जळफळून मीही माझं घासून घेतलं, त्याच्याहून दुप्पट. ताकद आली खरी, पण पहिल्याच चढावर इंजिन उकळून बंद पडलं.

मागून तो आला. म्हशीला थोपटावं तसं सवयीनं माझं बॉनेट थोपटून, दोर बांधत म्हणाला, "भाऊ, मी जरासंच घासलं. पाण्याची टाकी मात्र मोठी बसवली. बैलाला नुसती पेंड चारून कसं चालेल, पाणी नको?"

त्यानं मला वर ओढून नेलं. माहेरी त्याच्याच मोटारीनं निघालेली माझी बायको मागल्या बाकावरून सबंध चढ माझ्याकडे बघून हसत होती.