इतिवृत्तात नोंद व्हावी

ठाकूरद्वारच्या वाडीत कालिंदीबाई खानोलकरांना कुणी हुशार म्हटल्याचं ऐकिवात नाही. हुशार त्यांचे यजमान, गंगाधरपंत. वाडीच्या वार्षिक सभेत चाळीस वर्षं आभारप्रदर्शन त्यांचंच. मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत कुणी सुटायचं नाही. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. चौतीस वर्षं लाइनींचे बिघाड त्यांनी शोधले आणि दुरुस्तीच्या कार्डावर सही साहेबांनी केली.

गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशननंतर पंतांचा आवाज गेला. मुलाने, विनीतने, बंगळुरूहून तळहातावर मावणारा, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर पाठवला. पंतांनी टाइप करायचं, बटण दाबायचं, बोलायचं काम त्याचं. पण दहातून तीनदा बटण दाबलं की पडदा काळा आणि लिहिलेलं सगळं गायब. चारचौघांत दोनदा फजिती झाल्यावर पंतांनी तो कपाटात टाकला आणि यंदा सभेला येणार नाही, असं पाटीवर लिहून दाखवलं. ते वाचून बाईंचं डोकंच फिरलं.

त्यांनी एक वही उघडली. कधी बंद पडला, त्याआधी काय चाललं होतं, दर वेळी नोंद. विनीतला फोनवर पिडून प्रोसेसरचा वेग कुठे बघायचा, कसा बदलायचा, ते शिकून घेतलं. काम नसलं की हा प्रोसेसर हळू चाले, काम आलं की जोरात. हळूवर अडकवून ठेवला तर दिवसभर बंद पडेना, पण बोलताना अडखळे. जोरात अडकवला तरी बंद पडेना, पण दीड तासात बॅटरी संपे आणि हाताला चटका बसे.

"आई, सभेपुरता वरच्या स्पीडला लॉक करून टाक ना," विनीत म्हणाला.

"सभा तीन तास चालते रे. आणि सभा संपल्यावर यांनी काय गप्प बसायचं? तक्रार दाबणं म्हणजे दुरुस्ती नव्हे."

एकशे बारा नोंदी झाल्या तेव्हा गोम सापडली. कॉम्प्युटर बंद पडायचा तो फक्त हळूवरून जोरात जाताना, म्हणजे नेमका बोलायला तोंड उघडताना. वेग वाढवायचा तर आधी व्होल्टेज चढायला हवं. इथे ते पुरतं चढायच्या आतच वेग उडी मारत होता. चढायला किती वेळ लागतो, तो आकडा सेटिंगच्या फाइलीत कुणी लिहिलाच नव्हता. विनीतने माहितीपत्रकातून तो शोधून दिला, बाईंनी फाइलीत घातला. मग त्यांनी दर वेळी प्रोसेसरला पेंगू देऊन शंभरदा बटण दाबलं. कॉम्प्युटर शंभरदा म्हणाला, "चहा झाला का?" साठाव्या वेळी पंत हसले, आणि बाईंना कित्येक महिन्यांनी बरं वाटलं.

सभेच्या शेवटी पंत उठले. मांडववाला, चहावाला, झाडूवाली, कुणी सुटलं नाही. मग ते बराच वेळ टाइप करत राहिले. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. पंतांनी बटण दाबलं.

"घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात, म्हणून मानत नाही. मात्र हे यंत्र कालिंदी खानोलकर यांनी दुरुस्त केलं, अशी इतिवृत्तात नोंद व्हावी."

अनुमोदनाला सगळ्या वाडीने हात वर केले. चिटणीस मृणालिनीने नोंद लिहिली आणि वही बाईंकडे फिरवली. "काकू, या नोंदीखाली सही तुमची."

बाईंनी चष्मा पुसला. सही केली, आणि एक्स्चेंजच्या सवयीने खाली वेळही घातली, सात वाजून वीस मिनिटं.