गंगेचं टरबूज

आमच्याकडं समुद्र नाही. उन्हाळ्यात गोदावरी आटली की जी वाळू उघडी पडते, तोच आमचा किनारा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मोगलाईत आमच्या गावच्या पोरींना शाळा कुठली? जे काही शहाणपण आलं ते त्या वाळूत, झिऱ्याच्या काठी. वाळूत खड्डा उकरायचा, गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि नितळ पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचं. घरात पोरीला रिकामं बसायची सोय नव्हती, तिथं होती.

दिवाळीनंतर वाडीवाले यायचे. वाळूत चर खणून, खत भरून टरबुजं लावायचे आणि उन्हाळा संपेपर्यंत तिथंच खोपीत राहायचे. त्यांचा थोरला पोरगा माझ्याच वयाचा, नुकतं मिसरूड फुटलेला. मीही नुकती लुगडं नेसायला लागले होते आणि सारखी त्यात पाय अडकून पडत होते. एकदा भरल्या घागरीसकट आपटले, तर हा हसला.

"दात कावून काढतूस रं?" मी खेकसले.

"पानी सांडलं म्हनून न्हाई. तुजं तोंड बगून."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या झिऱ्यावर बाभळीची फांदी झाकलेली असायची, गुरांनी पाणी तुडवू नये म्हणून. कोण ठेवतं ते विचारावं लागलं नाही. मला तो आवडला होता. आज हे सरळ सांगते. तेव्हा मनातल्या मनात म्हणायचीही छाती नव्हती.

वाडीत जे पहिलं फळ धरतं, त्याला हळदीचा दोरा बांधतात. ते गंगेचं. पिकलं की घरातली म्हातारी ते पाण्यात सोडते, मगच बाकीच्या फळांना हात लागतो. हा दंडक नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि नेमकं तेच फळ त्यानं एका दुपारी माझ्यापुढं आणून फोडलं.

"गंगेला लई हायेत. ह्ये तुला."

मी घाबरले, आणि खाल्लंही. तसं गोड टरबूज पुन्हा मिळालं नाही. तिथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण तो दोरा मला टाकवेना. मनगटाला बांधला आणि वरून बांगड्या ओढून घेतल्या.

संध्याकाळी भाकरी थापताना बांगड्या मागं सरकल्या. आईनं दोरा पाहिला, आणि पिठाच्या हातानिशी मला ओढत वाळूत नेलं. वडील मागून आले. वाडीवर त्या पोराची आजी रिकाम्या वेलापाशी कपाळ बडवत बसली होती. त्याचा बाप आसूड घेऊन उभा होता.

माझ्या वडिलांनी पोराला विचारलं, "खरं सांग. तू दिलंस का हिला?"

तो 'हो' म्हणेल असं मला वाटलं होतं. मार तर बसणारच होता. पण कुणी तरी माझ्यासाठी गंगेचं फळ तोडलं, एवढं चारचौघांत खरं ठरलं असतं. मला तेवढंच हवं होतं.

"म्या न्हाई दिलं. हिनंच चोरलं आसंल."

आईनं सुटकेचा श्वास सोडला आणि मग माझ्या मुस्काटात मारली. पोरगी चोर निघाली तर चालतं, दुसरं काही निघालेलं चालत नाही. वडिलांनी वाडीवाल्यांपुढं हात जोडले.

तरी आखितीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आत मला धारूरकडं डोंगरात देऊन टाकलं. तिथं वाळू नाही, झिरा नाही. एका रांजणाच्या पाण्यात जन्म गेला.

पुष्कळ वर्षांनी हे मी माझ्या जावेला सांगितलं. ती म्हणाली, "येडी का खुळी तू? लेकरानं तुजी आब्रू राखली की." आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, ते सगळे हेच म्हणतात आणि त्याला शहाणा ठरवतात. असं म्हणणारे तिथं नव्हते, मी होते. तो बोलत असताना मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याची नजर बापाच्या आसुडावर होती. माझी अब्रू त्याच्या गावीही नव्हती.