मागे न पाहता आणलेल्या गौरी

इंग्लंडात ब्रिस्टलला आल्यावर पहिल्या वर्षी मला नोकरी मिळत नव्हती. नवरा सकाळी सातला कंपनीत गेला की घर खायला उठायचं, म्हणून लायब्ररीत दर बुधवारी दुपारी भरणाऱ्या ग्रीक पुराणकथांच्या वर्गात मी नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, की आपण यांना गोष्टी म्हणतो, पण त्या लोकांचा तो धर्म होता. ते या देवांना भीत होते, त्यांच्यापुढे अन्न ठेवत होते.

एका बुधवारी त्यांनी मेलेल्या बायकोला आणायला पाताळात गेलेल्या गायकाची कथा सांगितली. ती तुझ्या मागून येईल, पण उजेडात पोचेपर्यंत वळून पाहायचं नाही, अशी पाताळाच्या देवाची अट होती. त्यानं पाहिलं, आणि ती परत गेली. वर्गातले एक गृहस्थ म्हणाले, इतकी साधी अट.

मी सहज सांगून गेले, की आमच्या घरी खड्यांच्या गौरी असतात. भाद्रपदात नदीवरून पाच खडे आणायचे, वाटेत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. गौर म्हणजे माहेरी येणारी लेक. तीन दिवस राहते आणि जाते.

वर्ग सुटल्यावर बाई माझ्यापाशी थांबल्या. त्यांची एकुलती मुलगी विशीत आजारी पडून गेली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मग विचारलं, "तू खडे आणायला जाशील तेव्हा मी तुझ्या मागून चालले तर चालेल?"

मी हो म्हटलं.

गौरी आणायच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. नदीकाठी मी पाच खडे धुऊन तबकात घेतले, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि निघाले. बाई मागे होत्या. ओल्या फरशीवर त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. पूल ओलांडून चढाला लागलो आणि तो आवाज थांबला. मला वाटलं, दम लागला असेल. मग भीती वाटली, पडल्या तर नसतील? मान वळायला लागली होती, पण मी वळले नाही. घरापर्यंत चालत गेले. पाठीवर सारखी कुणाची तरी नजर जाणवत होती.

खडे पाटावर ठेवले आणि धावत परत निघाले, तर बाई कोपऱ्यावरून येताना दिसल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्या मागे कुणीतरी चालत होतं," त्या म्हणाल्या. "मी वळून पाहिलं."

कोण होतं, ते मी विचारलं नाही. त्यांना आत नेलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्या पूजेला आल्या, पुरणपोळी अर्धी खाल्ली आणि पाटाकडे बघत बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना त्यांनी एक खडा मागितला. फक्त एक, घरी ठेवायला. मी परदेशी फोन करायच्या कॉलिंग कार्डवरून पुण्याला सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आलेली गौर पाठवायलाच हवी, अडवून ठेवायची नाही. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

नदीवर चार खडे मी सोडले. पाचवा त्यांच्या हातात दिला. त्या काठावर गुडघे टेकून बसल्या आणि मूठ पाण्यात घातली. पाणी थंडगार होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही, मूठ उघडत नव्हती. मी शेजारी उभी राहिले. शेवटी हात वर आला तेव्हा तो रिकामा होता, बोटं निळसर पडली होती.

त्या दिवशी माझ्या मागून चालायला मी त्यांना हो म्हणायला हवं होतं का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. पुढच्या बुधवारी त्या वर्गाला वेळेवर आल्या आणि त्यांनी दुसरी कथा घेतली.